उन्हाळ्यात लांबचा प्रवास: निघण्याआधी गाडीचं नेमकं काय काय बघायचं?

नवीचालक (धागाकर्ती)

सुट्टीत पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत लांब जायचं ठरतंय. साधारण सहाशे किलोमीटर, मधे एक मोठा घाट, गाडीत आम्ही पाच जण. त्यात दोन मुलं आणि सासूबाई. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. एरवी घर-ऑफिस-बाजार एवढंच तिचं जग.

"सर्व्हिसिंग करून घे, बाकी काही लागत नाही" असं घरचे म्हणतायत. निघायच्या आदल्या दिवशीची तारीख मिळाली आहे. तेवढं पुरे का? उन्हाळ्यात टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवायची, असं हवा भरणाऱ्याने सांगितलं. ते खरं का? आणखी काय विचारायला हवं हेच मला कळत नाहीये, म्हणून हा धागा.

बारा-तेराचा पाना

आधी ती आदल्या दिवशीची तारीख रद्द करा. आठ-दहा दिवस आधीची घ्या.

वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलंय म्हणून सांगतो. सर्व्हिसिंगमध्ये काही कच्चं राहिलं असेल तर ते पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये कळतं. ऑइल फिल्टरचं सील नीट बसलं नाही, होजचा (रबरी नळीचा) क्लॅम्प सैल राहिला, एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप उघडीच राहिली, असली कामं. ते शे-दीडशे किलोमीटर तुमच्या रोजच्या रस्त्यावर होऊ द्यात, घाटात नकोत. पार्ट मागवायची वेळ आली तरी हाताशी दिवस असतात. आदल्या संध्याकाळी "मॅडम, वॉटर पंप पाझरतोय" असा फोन आला तर काय करणार?

सर्व्हिसिंगनंतर तीन-चार दिवस सकाळी गाडी काढली की तिच्याखालची जमीन बघायची. एसी लावून आल्यावर पुढच्या भागात साधं पाणी ठिबकतं, ते ठिबकायलाच हवं. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी चिकट थेंब दिसले आणि गोडसर वास आला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव). काळपट-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या अंगाला पिवळसर बुळबुळीत ओल दिसली तर ब्रेक ऑइल, आणि मग गाडी हलवायचीच नाही. मेकॅनिकला तिथेच बोलवा.

दुसरं, "सर्व्हिसिंग" या शब्दावर विसंबू नका. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बहुतेक वेळा इंजिन ऑइल, फिल्टर आणि धुणं-पुसणं होतं. कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरीची लोड टेस्ट (ताण देऊन घेतलेली चाचणी) आणि स्टेपनी यांचं वेगळं सांगावं लागतं. जॉब कार्डावर लिहूनच घ्या. तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत विसरलं जातं.

पाचवा गिअर

पानाकाकांना +१.

टायरचं मी घेतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची हा सल्ला नेमका उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि जास्त वाकते. त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. वरून ऊन, खालून तापलेला रस्ता, गाडीत पाच माणसं आणि सामान, त्यात तास-दीड तास सलग वेग. टायर फुटायला याहून सोयीची परिस्थिती नाही.

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. काही गाड्यांमध्ये पेट्रोलच्या झाकणाच्या आत. त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक. तुम्हाला दुसरा. टायरवर कोरलेला 'मॅक्स' आकडा वेगळा, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीत किती भरायचं याच्याशी त्याचा संबंध नाही.

आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढतो, त्यामुळे चालून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसणं ठीकच आहे. ते गृहीत धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. मधेच थांबून तापलेल्या टायरमधली हवा सोडायची नाही.

आता अडचण अशी की हवा भरायला जाईपर्यंतच टायर तापतो. त्यासाठी एक साधा गेज घ्या. समजा स्टिकरवर ३३ आहे आणि सकाळी घरी थंड टायर २९ दाखवतो, म्हणजे ४ कमी. पंपावर पोचल्यावर तोच टायर ३१ दाखवेल. तिथे ३३ वर थांबायचं नाही, ३१ अधिक ४ म्हणजे ३५ भरायची.

शंकासुर

नायट्रोजन भरला तर हे सगळं टळतं ना? तापमानाने दाब वाढतच नाही म्हणे.

पाचवा गिअर

टळत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात. फरक पडतो तो दाब जरा सावकाश उतरण्यात आणि आत ओलावा कमी असण्यात. भरायचा तर भरा, तोटा काही नाही. पण "नायट्रोजन आहे, आता महिनोन् महिने बघायला नको" असं म्हणणाऱ्यांचेच टायर मला मऊ सापडतात. आणि वाटेत नायट्रोजन मिळाला नाही तर साधी हवा बिनधास्त भरावी. दोन्ही एकत्र झाल्याने काही बिघडत नाही.

नवीचालक

अरे बापरे, एवढं सगळं! सर्व्हिसिंगची तारीख बदलून घेतली. टायरचं वय कसं ओळखायचं? नक्षी तर छान दिसते आहे.

बारा-तेराचा पाना

कमी चालणाऱ्या गाडीत हाच धोका असतो. नक्षी छान राहते आणि रबर म्हातारं होतं.

टायरच्या बाजूला 'डॉट' (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे. २३१८ असेल तर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे बाहेरून चार आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूने बघावं लागतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी काढून टाका. स्टेपनीलाही हेच लागू.

नक्षीच्या खोबणीत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाजूच्या भिंतीवरून हाताचा तळवा फिरवा. फुगवटा लागला म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर घेऊन लांब जायचं नाही, हळू चालवू वगैरे काही नाही. बारीक बारीक भेगांची जाळी दिसली तरी फोटो काढून टायरवाल्याला दाखवा.

सावलीशोधक

वाचनखूण साठवली. एसीबद्दल कोणीतरी लिहा की. आमच्याकडे दर उन्हाळ्यात "गॅस भरून घ्या" असं सांगतात आणि आम्ही निमूटपणे भरतो.

बारा-तेराचा पाना

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ती बंदिस्त यंत्रणा आहे. कित्येक वर्षांत होजमधून आणि सीलमधून थोडासा झिरपतो, ते मान्य. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे. ती शोधून काढायची सोडून वरून गॅस भरणं म्हणजे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक पक्कं करणं. जास्त भरला गेला तर गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

गॅस म्हणण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. एक, केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, हाताने निघतो. तो धुळीने आणि पाचोळ्याने गच्च असेल तर हवाच पुढे येत नाही आणि माणूस म्हणतो एसी मेला. दोन, समोरच्या जाळीमागचा कंडेन्सर. त्याच्या पातळ पत्र्यांमध्ये किडे आणि चिखल अडकून बसतात. बेताच्या धारेने धुवायचा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पत्रे आडवे होतात आणि मग हवा कायमचीच अडते.

वर ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल लिहिलं, त्याचा उलटा भागही लक्षात असू द्या. एसी तासभर चालूनही खाली थेंब नाही आणि पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागतंय, तर पाणी जायची नळी तुंबली आहे. काम लहान आहे, पण तसंच सोडलं तर कुबट वास येतो आणि कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत ओल पोचते.

मायलेज मास्टर

सगळं ठीक, पण घाट उतरताना न्यूट्रल टाकायला विसरू नका. फुकटचे किलोमीटर मिळतात. गाडी आपोआप उतरते, इंजिनला आराम, पेट्रोलची बचत.

डिझेलराणी

नाही हो नाही! धागाकर्ती नवीन आहेत, त्यांना कृपया हे सांगू नका.

पाचवा गिअर

मास्टर, बचतीचं गणितच चुकतंय. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या गाडीत गिअर टाकलेला असताना उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचा संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, पेट्रोलची गरजच नसते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे उतारावर गिअरमध्ये खर्च शून्य आणि न्यूट्रलमध्ये शून्यापेक्षा जास्त.

मायलेज मास्टर

हे माहीत नव्हतं. पण मग खालच्या गिअरमध्ये इंजिन किती ओरडतं, त्याने झीज होत नाही का?

डिझेलराणी

तीन-साडेतीन हजार आरपीएमला इंजिन ओरडत नाही, काम करतं. लाल पट्टीच्या बरंच खाली आहे ते. इंजिनाच्या आवाजाची काळजी करणारे ब्रेकच्या वासाची करत नाहीत, ही गंमत मी रोज बघते.

नवीचालक, घाटाचं नीट वाचा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढली असती, साधारण त्याच गिअरमध्ये उतरवायची. दुसरा किंवा तिसरा. तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, वेग वाढल्यावर नाही. मग इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकवर थोडंच काम राहतं. ब्रेकवर पाय ठेवून हलका दाब सतत देत उतरलं की डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. वळणाआधी ब्रेक नीट दाबा, वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा.

इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका. ब्रेकचा बूस्टर (पेडलला जोर देणारा भाग) दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जातं. चावी काढली तर स्टिअरिंग लॉकच होऊ शकतं.

ऑटोमॅटिकवाल्यांनी नुसत्या 'डी'वर उतरू नये. एल, २ किंवा मॅन्युअल मोड असतो तो यासाठीच.

बारा-तेराचा पाना

आणि याच कारणासाठी मी वर ब्रेक ऑइलचं बोललो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ या प्रकारच्या नवीन ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. घाटात सतत ब्रेक मारून कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) तापला की ते ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं पण चाकापर्यंत दाब पोचत नाही. ब्रेक "फेल" झाले म्हणतात त्यातल्या बऱ्याच घटनांत ब्रेक तुटलेले नसतात, उकळलेले असतात. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगितलेलं असतं. तुमच्या सर्व्हिस बुकात शेवटचं कधी बदललं ते बघा. सात वर्षांत एकदाही नोंद नसेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका, बदलून टाका.

उतरताना करपल्यासारखा वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर खालचा गिअर टाका आणि सुरक्षित जागी वीस-पंचवीस मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.

शंकासुर

ईव्हीला गिअरच नाही. आमचं काय?

चार्जिंगला लावलीये

आमच्याकडे रीजन असतं. मोटरच उलट जनरेटर होते, गाडी धरून ठेवते आणि बॅटरीत वीजही भरते. पण एक मेख आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज घेणार कुठे? मग रीजन खूप कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. मुक्काम डोंगरावर असेल आणि सकाळी थेट उतरायचं असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. खाली पोचेपर्यंत थोडं वाढलेलंच असेल.

उन्हात बॅटरी तापली असेल तर फास्ट चार्जर जोडूनही गाडी वेग कमी घेते. चार्जरशी भांडू नका, गाडी बॅटरीला जपत असते. आणि ईव्हीलाही १२ व्होल्टची एक बॅटरी असते बरं का. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडायचे वांधे होतात.

नवीचालक

बॅटरीवरून आठवलं, माझी गाडी सकाळी कधी कधी जरा रेंगाळत सुरू होते. उन्हाळ्यात पण बॅटरीला त्रास होतो का? मला वाटायचं थंडीतच होतो.

बारा-तेराचा पाना

बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं थंडीत. उष्णतेने आतलं पाणी उडतं आणि प्लेटी गंजतात. थंडी आली की तिच्याकडून जास्त जोर मागितला जातो आणि मग ती हात वर करते.

रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं येत नसेल तर बॅटरी नाही, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) बघा. रेंगाळते म्हणताय तर लोड टेस्ट कराच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खायचा सोडा आणि पाण्याने साफ करा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

आता कूलंट. उन्हाळ्यात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या दिसतात त्या बहुतेक याच्याच.

इंजिन थंड असताना टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे हवी. कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय, नुसतं भरत राहू नका. नुसतं पाणीही घालू नका, त्याने गंज आणि क्षार जमतात. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रणही मिळतं, त्यात आणखी पाणी घालायचं नाही. रंग सारखा म्हणून दुसऱ्या प्रकारचं मिसळू नका. रंग हे प्रमाण नाही, गाडीच्या पुस्तकात कोणता प्रकार लिहिलाय ते बघा.

निघण्याआधी एक चाचणी घरीच करा. गाडी मोकळ्या हवेत उभी ठेवून एसी लावून पंधरा मिनिटं इंजिन चालू द्या. रेडिएटरचा पंखा सुरू होतो का ते कान देऊन ऐका आणि इंजिनाच्या तापमानाची सुई मधेच राहते का ते बघा. पळत्या गाडीला समोरचा वारा लागतो, त्यामुळे बंद पडलेला पंखा हायवेवर लपून जातो. तो उघडा पडतो ट्रॅफिक जॅममध्ये आणि घाटात.

सावलीशोधक

आणि सुई वर गेलीच तर?

बारा-तेराचा पाना

चढायला लागली की एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. हो, उन्हाळ्यातच. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची थोडी उष्णता तो गाडीत ओढून घेतो. घाम निघेल, पण हेड गॅस्केट (इंजिनातलं महत्त्वाचं सील) वाचेल. तेवढ्याने सुई उतरली नाही किंवा लाल पट्टीत गेली, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हे सगळ्यात महागात पडतं.

मग किमान अर्धा तास काहीही करायचं नाही. वाफ येत असेल तर बॉनेटही उघडायचं नाही. रेडिएटरचं झाकण म्हणजे शिटी न झालेल्या कुकरचं झाकण समजा. आत दाब असतो म्हणून शंभराच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो, सगळं एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. चेहरे भाजलेली माणसं पाहिली आहेत मी. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग झाकणावर जाड फडकं ठेवून सावकाश उघडा. अशा वेळी नुसतं पाणी चालतं, वर्कशॉपपर्यंत पोचायला. पण तापलेल्या इंजिनात गार पाणी घालू नका, धातूला तडा जातो.

डिझेलराणी

अवांतर: टाकी फुल केली तर उन्हात स्फोट होतो, असा फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर परत आलाय. दर उन्हाळ्यात येतो.

पाचवा गिअर

आणि दर उन्हाळ्यात खोटा असतो. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं. चाळीस लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापलं तर ०.४ लिटर वाढेल. त्यासाठी टाकीत वर मोकळी जागा सोडलेलीच असते. फक्त नॉझल आपोआप बंद झाल्यावर "अजून थोडं" करत गळ्यापर्यंत भरायचं नाही. ते जादा पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो खराब होतो.

सावलीशोधक

माझ्या आयडीला जागून उन्हातल्या पार्किंगबद्दल लिहितो.

अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी भर उन्हाळ्यात गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप केलं होतं, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एका तासात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, स्टिअरिंग ५३, सीट ५१. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८. म्हणजे सावलीने फरक खूप पडतो, पण सावलीतली गाडीही गार नसते.

म्हणून मुलांना "दोन मिनिटांत आलो" म्हणूनही गाडीत सोडायचं नाही. काच बोटभर उघडी ठेवल्याने तापमानात नाममात्र फरक पडतो. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. सासूबाई डुलकी लागली म्हणून मागे थांबतो म्हणाल्या तरी नको.

डॅशबोर्डवर लायटर, डिओचा कॅन, पॉवर बँक ठेवू नका. स्प्रेच्या डब्यांवर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलंच असतं. औषधं विसरू नका, विशेषतः इन्सुलिन. आणि मोबाइल काचेला चिकटवून नकाशा लावला की तासाभरात तापून बंद पडतो. एसीच्या जाळीवर अडकवायचा स्टँड घ्या, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

तापलेल्या गाडीत बसताना एका बाजूची काच खाली करा आणि विरुद्ध बाजूचं दार चार-पाच वेळा उघड-बंद करा. गरम हवा ढकलली जाते. पहिली एक-दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून एसी लावा, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा.

रातराणी

त्या बटणाबद्दल एक पुस्ती. पाच माणसं आणि तासन् तास आतलीच हवा, म्हणजे गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. डोकं जड होतं, झापड येते. अर्ध्या तासाने पाच मिनिटं तरी बाहेरची हवा घ्या.

झोपेचं मात्र कोणी लिहिलंच नाही, आणि सगळ्या धाग्यात मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. चार सेकंद डोळे मिटले तर शंभराहून जास्त मीटर कोणीच चालवत नसतं. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपणहून झोप मागतं, रात्री कितीही झोपलेले असा. "ऊन टाळायला मध्यरात्री निघू" हा बेत करणारे ऊन टाळतात आणि याला सापडतात. पोटभर झोपून उजाडता उजाडता निघा.

गाणी मोठ्याने लावणं, काच उघडणं, तोंडावर पाणी मारणं, याने दहा मिनिटं जेमतेम निघतात. शेवटच्या दोन किलोमीटरचं काही आठवत नसेल तर उशीर झालाय. थांबा, कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा. कॉफीचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. एरवीही दर दोन तासांनी खाली उतरा. मुलं सोबत असल्याने तुम्हाला उतरावं लागणारच, ते बरंच आहे.

पाचवा गिअर

थांबताना सुक्या गवतावर गाडी लावू नका. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) इतका तापलेला असतो की गवत पेटू शकतं.

टायर फुटलाच तर ब्रेक मारायचा मोह आवरा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या, मग कडेला घ्या. थांबल्यावर सगळ्यांना वाहतुकीच्या विरुद्ध बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसून मदतीची वाट बघायची नाही.

नवीचालक

सर्व्हिसिंग झालं. ब्रेक ऑइल बदललं, सात वर्षांत पहिल्यांदाच. पानाकाका, तुम्ही म्हणालात तसंच. बॅटरी लोड टेस्टमध्ये नापास झाली, नवीन टाकली. टायर गाडीबरोबरचेच, त्यातल्या एकाला बाजूला फुगवटा होता. चारही बदलले. पंखा सुरू होतो, सुई मधेच राहते. स्टेपनीत हवा अर्धीसुद्धा नव्हती, ती भरली.

दोन प्रश्न राहिले. सामान कसं लावायचं? आणि स्टिअरिंगजवळ एक छोटं चाक आहे, त्यावर ० ते ३ आकडे आणि दिव्याचं चित्र. ते कशाला असतं?

बारा-तेराचा पाना

शाब्बास. चाक कधी बदललं नसेल तर घरी एकदा बदलून बघा. नट आधी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. घट्ट करताना समोरासमोरचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. अलॉय व्हीलला लॉक नट असेल तर त्याची चावी गाडीतच आहे ना बघा. ती वर्कशॉपमध्येच राहून जाते. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावरची वेगमर्यादा वाचा, बहुतेक ८० असते.

जड सामान डिकीत खाली, मागच्या सीटला चिकटवून. मागच्या काचेजवळच्या फळीवर काही ठेवायचं नाही, जोरात ब्रेक लागला की ते थेट डोक्यावर येतं. मागचे पट्टेही सगळ्यांनी लावायचे. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीच नको, घरंगळत ब्रेकखाली जाते. मॅटवर मॅटही नको.

डिझेलराणी

ते चाक हेडलाइटचा झोत खाली-वर करायला. मागे माणसं आणि सामान बसलं की गाडीचं नाक वर जातं आणि तुमचा लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एकटी असाल तेव्हा ०, गाडी भरली की आकडा वाढवा, झोत खाली येतो. किती माणसांना कोणता आकडा ते गाडीच्या पुस्तकात तक्त्यात दिलेलं असतं. अंधार पडल्यावर एखाद्या भिंतीसमोर उभी करून फिरवून बघा, झोत सरकताना दिसतो. परत आल्यावर सामान उतरवलं की पुन्हा ० वर आणा, नाहीतर रोजच्या रस्त्यावर पुढचं नीट दिसणार नाही.